वेदीच्या जागी तांब्याची भांडी

डब्लिनच्या लिबर्टीज भागात, जेम्स स्ट्रीटवर, संत जेम्सचे जुने दगडी चर्च आहे. १८६० च्या सुमारास बांधलेल्या या वास्तूतली उपासना विसाव्या शतकात थांबली, पुढे तिथे दिव्यांचे दुकानही थाटले गेले आणि २०१७ पासून तिथे पिअर्स लायन्स डिस्टिलरी व्हिस्की गाळते आहे. स्केचबुक घेऊन बसावे अशी यापेक्षा समृद्ध जागा मला ठाऊक नाही.

पूर्वी वेदी होती त्या टोकाला ‘मायटी मॉली’ आणि ‘लिटल लिझी’ ही व्हिस्की गाळण्याची तांब्याची दोन भांडी उभी आहेत. त्यांचे चित्र काढण्यापूर्वी त्यांचे काम समजून घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. अल्कोहोल सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळत असल्यामुळे तापलेल्या आंबवणातून निघणाऱ्या वाफेत त्याचे प्रमाण वाढते, त्या वाफेतला जड भाग भांड्याच्या मानेच्या आतल्या बाजूला थंडावून पुन्हा खाली ओघळतो, आणि या सगळ्या प्रवासात तांबे उग्र वासाची गंधकयुक्त संयुगे धरून ठेवते. हे कळले की मानेची उंची आणि तिचा निमुळतेपणा रेखाटताना हात अंदाजाने फिरत नाही. नजरेच्या रेषेवरचे गोल सांधे वर वळतात, खालचे खाली वळतात. एवढे साधले नाही तर भांडे पोकळ वाटतच नाही.

रंगाचे काम त्याहून कठीण आहे. तांब्याचा स्वतःचा रंग जेमतेम दिसतो, बाकी सारा आसपासचा असतो: दगडी भिंतीचा करडा, छपराच्या लाकडाचा तपकिरी, नव्याने बसवलेल्या रंगीत काचांचा निळा. म्हणून मी बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी जलरंगाचा पातळ हात देऊन थांबते आणि तो ओला असतानाच त्यात अल्ट्रामरीन हा गडद निळा सोडते.

मूळ शिखर काढून टाकलेले असल्याने जीर्णोद्धारात त्या जागी काचेचे शिखर उभारले गेले. जुन्याची नक्कल न करता नव्याने नवेच दिसावे, हा निर्णय मला मनापासून पटतो. ते चर्चच्या दफनभूमीतून रेखाटावे. डिस्टिलरीचे संस्थापक पिअर्स लायन्स यांचे, पिंपे घडवणाऱ्या घराण्यातले आजोबा तिथेच विसावले आहेत. दगडाच्या छटा आधी भराव्यात, शिखरासाठी कागद कोरा ठेवावा आणि काचेचे सांधे अगदी शेवटी बारीक पेनने ओढावेत.