बोअरचा पंप मॉडबसवर, तिसरा रविवार: रीडिंग तुटायचं थांबलं

मागचे दोन रविवार नुसत्या फिटिंगमध्ये गेले, ह्या वेळी खरं काम झालंय म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधीचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, विट्याला घरच्या बोअरवर दीड एचपीचा सिंगल फेज सबमर्सिबल आहे, मे महिन्यात पाणी खाली गेलं की पंप कोरडाच फिरत राहतो आणि आईच्या लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. मागच्या उन्हाळ्यात त्याचं वाइंडिंग जळालं. कोरड्या पंपावर लोड कमी येतो, म्हणजे वॅटवर नजर ठेवली तर पाणी संपल्याचं कळतं, आणि वॅट बघायचे तर मीटर पाहिजे.

तीन मीटर घेतले, घराच्या मेनला एक, गच्चीवरच्या सोलरला एक, पंपाच्या पेटीत एक. तिन्ही इस्ट्रॉनचे एसडीएम१२०, डिन रेलवर बसतात, ४५ अँपियरपर्यंत सरळ वायर आतून जाते, सीटी (करंट मोजायची वेगळी कॉइल) लागत नाही. महावितरणच्या सीलबंद मीटरला अजिबात हात लावायचा नाही, आपले मीटर त्याच्या पुढे आपल्या बाजूला. २३० व्होल्टचं सगळं काम वायरमनकाकांनी मेन पाडून केलं. माझं काम मीटरच्या ए आणि बी ह्या दोन टर्मिनलपासून पुढचं. तिथून आरएस-४८५ ची दोन तारांची एकच सामाईक लाइन, म्हणजे बस, सगळ्या मीटरना जोडते, आणि तिच्यावर रीडिंग मागायची-द्यायची भाषा म्हणजे मॉडबस.

नवीन मीटर सगळे अ‍ॅड्रेस १ आणि २४०० बॉडवर (डेटाचा वेग) येतात, त्यामुळे तिन्ही एकदम बसवर टाकू नका, एकाच वेळी उत्तर देतात आणि हाती कचरा येतो. एकेक टेबलावर घेतला. बटण दाबून धरलं की स्क्रीनवर सेट येतं, तेव्हाच लिहू देतो. अ‍ॅड्रेस हेक्स १४ ह्या रजिस्टरला (मीटरमधली नंबर दिलेली जागा), बॉड हेक्स १सी ला, आणि २ लिहायचा असला तरी तो फ्लोट (दशांश संख्येचा चार बाइटचा प्रकार) म्हणून, म्हणजे ४० ०० ०० ००, फंक्शन १६ ने, म्हणजे लिहायच्या आज्ञेने. मी साधा इंटिजर लिहीत बसलो होतो, त्यात अख्खी संध्याकाळ गेली. आता तिन्ही ९६०० वर आहेत, अ‍ॅड्रेस १, २, ३.

इकडून ईएसपी३२ (छोटा वायफाय कंट्रोलर बोर्ड) आणि त्यावर ईएसपीहोम हे सॉफ्टवेअर. ट्रान्सीव्हर (बोर्ड आणि बस ह्यांच्या मधली चिप) ३.३ व्होल्टवाला घ्या, साधा मॅक्स४८५ पाच व्होल्टचा असतो आणि त्याचं आउटपुट ईएसपीच्या पिनला झेपणारं नाही.

सॉफ्टवेअर लावायच्या आधी कच्चे बाइट्स एकदा डोळ्यांनी बघाच. ०१ ०४ ०० ०० ०० ०२ ७१ सीबी पाठवलं, म्हणजे मीटर एक, फंक्शन चार (वाचायची आज्ञा), शून्यापासून दोन रजिस्टर, शेवटचे दोन बाइट सीआरसी, म्हणजे चूक पकडायचा कोड. उत्तरात मधले चार बाइट आले ४३ ६६ ३३ ३४, फ्लोट करून बघितलं तर २३०.२ व्होल्ट! खरं सांगतो, १९७९ सालचा प्रोटोकॉल आपल्या जिन्यात असा बोलताना बघून अंगावर काटा आला. तेच बाइट्स दोन-दोनचे शब्द (वर्ड) उलट्या क्रमाने धरून वाचले तर जवळपास शून्य दिसतं, आणि काही मीटर खरंच उलटे पाठवतात, म्हणून व्होल्टेज शून्य दिसलं की वायरीला दोष द्यायच्या आधी वर्ड ऑर्डर बघा. ए-बी चं पण तसंच, नावावर विश्वास नाही ठेवायचा, उत्तर येत नसेल तर अदलाबदल करून बघायची, त्याने काही जळत नाही.

आता मुख्य दुखणं. टेबलावर सगळं झकास, जागेवर बसवल्यावर पंप बंद असेपर्यंतच झकास. पंप सुरू झाला की तिसऱ्या मीटरचं पाचातलं एक रीडिंग सीआरसीत पडायचं, आणि मला तर नेमकं पंप चालतानाचंच रीडिंग पाहिजे. आधी टाइमआउट वाढवला, मग बॉड परत २४०० केला, फरक नाही. शेवटी सगळं बंद करून ए आणि बी मध्ये मल्टीमीटर लावला तर ३० ओहम. हिशोबाने लाइनच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर, म्हणजे पॅरलल ६० यायला पाहिजेत. शोधल्यावर कळलं की ट्रान्सीव्हर मॉड्यूलवर स्वतःचा १२० ओहमचा रेझिस्टर आहे, आणि बसवर काय चाललंय ते ऐकायला लावून ठेवलेल्या यूएसबी डोंगलच्या आत पण आहे. चार रेझिस्टर पॅरलल. आरएस-४८५ चा ड्रायव्हर ५४ ओहमच्या लोडवर १.५ व्होल्ट देईल असं स्टँडर्ड म्हणतं, त्याला मी ३० वर राबवत होतो, सिग्नल लहान झाला आणि त्यात पंपाची वायर त्याच पाइपातून ३५ मीटर बरोबर चाललेली.

मॉड्यूलवरचा रेझिस्टर काढला, डोंगल काढला, डेटासाठी वेगळा पाइप टाकला, आणि जिन्यातून तीन दिशांना गेलेल्या तारा मोडून एकच सलग लाइन केली, गच्चीपासून डीबी (घराची एमसीबीची पेटी) आणि डीबीपासून पंप. केबलचं शील्ड (तारांभोवतीचं धातूचं आवरण) फक्त डीबीत अर्थला. मल्टीमीटरवर ६१. काल सकाळपासून पंप चार वेळा चालला आणि एकही रीडिंग पडलं नाही.

पाणी असताना पंप १.५८ किलोवॅटच्या आसपास खातो. कोरडा असताना किती ते अजून मोजायचंय, मुद्दाम कोरडा चालवायची हिंमत नाही, म्हणून ज्यांनी आपल्या बोअरवर मोजलंय त्यांनी दोन्ही वेळचे वॅट आणि पॉवर फॅक्टर टाका, त्यावरून कटऑफ ठरवतो आणि पुढच्या रविवारी पंप चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरला रिले जोडतो.