रान, लाइट आणि अंधारी खोली

जून १९८६. पाचवीचा वर्ग, नवे सर, पहिली हजेरी. सर रत्नागिरीकडचे. गणित आणि विज्ञान शिकवायला आमच्या माळशिरस तालुक्यात चारच दिवसांपूर्वी आलेले. माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलाला त्यांनी विचारलं, "फॉर्मवर वडिलांची सही का नाही?"

"रानात गेल्यात, सर."

"कधी येतील?"

"अंधार पडल्यावर."

"रोज जातात रानात?"

"व्हय सर. रोज."

सरांनी पेन खाली ठेवलं. रत्नागिरीच्या माणसाला रान म्हणजे जंगल. हा मुलगा रोज रानात जाणाऱ्या माणसाचा, म्हणजे घरात लाकडाच्या मोळ्या विकून चूल पेटत असणार, असं त्यांच्या मनात आलं. मधल्या सुट्टीत त्यांनी त्याला जवळ बोलावून फीची काळजी करू नकोस म्हणून सांगितलं. त्या मुलाच्या घरी सोळा एकर बागायत होती, दोन विहिरी होत्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर मधोमध लिहिलं, ‘रान’. म्हणाले, "काल मला एक शब्द कळला नाही. तुम्ही शिकवा." आम्ही शिकवलं. रान म्हणजे शेत. आमच्याकडं शेतात कुणी जात नाही, रानातच जातात. मग त्यांनी आम्हाला कोकणातलं रान सांगितलं, जिथं डुकरं आणि बिबटे असतात. पुढं म्हणाले, "शब्द भेटला की आधी त्याला विचारायचं, बाबा तुझं गाव कोणतं, आणि आज इथं कुणाकडं आलास?" शाळेनं मला पुष्कळ दिलं, पण माझी भाकरी या एका वाक्यावर चालली. म्हणून शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या या स्मरणिकेत दुसरं काही लिहायला हात वळत नाही.

आठवीला प्रकाशाचा धडा आला. सरांनी विचारलं, "लाइट म्हणजे काय?" शहरातल्या मुलानं दिवा म्हटलं असतं. आमच्या वर्गातून उत्तर आलं, "पाणी!" सगळ्यांना ते पटलेलंही होतं. भर दुपारी, डोक्यावर ऊन तापलेलं असताना, बांधावरून एक माणूस दुसऱ्याला हाक मारून विचारतो, "लाइट हाय का?" त्याला उजेड नको असतो. मोटर चालेल का, उसाला पाणी बसेल का, एवढंच विचारायचं असतं. शेतीची लाइट बऱ्याचदा रात्रीची असायची. ती आली की माझे वडील घोंगडं खांद्यावर टाकून, हातात बॅटरी घेऊन काळोखात दारं धरायला, म्हणजे सरीसरीत पाणी वळवायला, निघायचे. म्हणजे बघा, लाइट आली की माणूस अंधारात जायचा, आणि उजेड असायचा तो बॅटरीचा. बॅटरी हा शब्दही आमच्याकडं घर बदलून आलेला. दुकानदाराच्या लेखी बॅटरी म्हणजे सेल, आमच्या लेखी हातातला टॉर्च. आईचा जीव मात्र वडील परत येऊन पाय धुवेपर्यंत वरखाली व्हायचा, कारण त्या लाइटीत साप दिसत नसे.

सरांनी हे सगळं ऐकून घेतलं. चूक म्हणाले नाहीत. फळ्यावर शब्दांची एक रांग मांडली. लाइट, वीज, उजेड, प्रकाश, दिवा. वीज आभाळातून पडते ती आणि तारेतून येते ती. उजेड घरात येतो, आणि एखाद्यानं काही मोठं करून दाखवलं तर तो उजेड पाडतो. दिवा देवापुढं लावतात, आणि नापास होऊन आलेल्याला ‘काय दिवे लावलेस’ असंही विचारतात. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. तोच प्रकाश पुस्तक छापणाऱ्याला प्रकाशक करून ठेवतो. "यातला धड्यातला कोणता?" असं विचारून मग कुठं धडा सुरू झाला.

त्याच धड्यातला प्रयोग मी विसरणार नाही. सडकेकडच्या वर्गाची खिडकी आणि दार आम्ही गोणपाटांनी बंद केलं. कौलांमधून येणारी तिरीपसुद्धा मुलांनी वर चढून चिंध्यांनी बुजवली. खिडकीच्या लाकडी झडपेला सरांनी गिरमिटानं ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पाडलं. वर्गात काळाकुट्ट अंधार. पहिली पाच मिनिटं काहीच दिसेना आणि मागच्या बाकांवर खुसपूस सुरू झाली. मग डोळे अंधाराला सरावले. समोरच्या चुना दिलेल्या भिंतीवर हळूहळू सडकेपलीकडचा लिंब उगवला. उलटा. मुळं आढ्याला, शेंडा जमिनीला. पानं हलत होती. रंगीत होतं सगळं, आभाळ निळं, पण ते खाली. तेवढ्यात पंढरपूरला निघालेली एसटी आली. भिंतीवर ती चाकं वर करून पुण्याकडं चालली होती. अख्खा वर्ग ओरडला. दिंडीत हरिनामाचा गजर होतो तसा तो आवाज होता.

प्रकाश सरळ रेषेत जातो. लिंबाच्या शेंड्याकडून आलेला किरण भोकातून खाली उतरतो, बुंध्याकडचा वर चढतो, म्हणून चित्र उलटं. भोक मोठं केलं की चित्र उजळतं पण फिसकटतं. लहान केलं की रेखीव होतं पण मंदावतं. हे गणित सरांनी तिथंच, अंधारात, तोंडानं सांगितलं. मग विचारलं, "आत्ता कॅमेरा कुठं आहे?" आम्ही इकडंतिकडं पाहिलं. सर म्हणाले, "तुम्ही त्याच्या आत बसला आहात. कॅमेरा म्हणजे खोली."

खरंच तसं आहे. लॅटिनमध्ये ‘कॅमेरा’ म्हणजे कमानी छताची खोली. युरोपातल्या विद्वानांनी अशा अंधाऱ्या खोलीला ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’ म्हटलं, म्हणजे काळोखी खोली. पुढं खोलीची पेटी झाली, भोकाच्या जागी भिंग आलं, समोर भिंतीऐवजी काच आणि नंतर फिल्म बसली. निम्मं नाव गळून गेलं आणि ‘खोली’ तेवढी उरली. तीच खोली पोर्तुगीजांच्या तोंडी ‘कामरा’ होऊन आपल्या देशात उतरली आणि हिंदीतला ‘कमरा’ झाली. फ्रेंचांकडून इंग्रजांच्या घरी गेली आणि ‘चेंबर’ झाली. त्या चेंबरात वकील बसतात, व्यापाऱ्यांचा संघ बसतो, आणि आपल्या गल्लीत ‘चेंबर तुंबलंय’ म्हणतात तेही हेच. एका खोलीत राहणारा तो स्पॅनिशमध्ये सोबती ठरला, आणि त्याच शब्दातून मोर्चातला ‘कॉम्रेड’ आला. लाल झेंडा, गटाराचं झाकण आणि लग्नातला फोटोग्राफर एकाच खोलीतून बाहेर पडलेले. ही सगळी वंशावळ सरांनी सांगितली नव्हती. त्यांनी सांगितली ती पहिली कडी. बाकीच्या मी पुढं शोधत गेलो, कारण ती पहिली कडी मला गप्प बसू देईना.

दहावी झाल्यावर, १९९२ साली, अकरावी सायन्सला मी पुण्यात आलो. सगळं इंग्रजीत. पदार्थविज्ञानाच्या तासाला ‘इलेक्ट्रिक फील्ड’ आलं आणि माझ्या डोळ्यांपुढं आमचं रान उभं राहिलं, बांधासकट. विजेचं रान? महिनाभर मी त्या रानात वाट चुकून फिरत होतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला वर्गात हात वर करायला केवढं बळ लागतं, हे त्या बाकावर बसलेल्यालाच कळतं.

वाट सापडली ती दिवाळीच्या सुट्टीत. वडिलांनी सोसायटीच्या कर्जासाठी सातबारा काढून आणला होता. त्यावर रकाना होता, ‘क्षेत्र’. खाली हेक्टर आणि आर. त्याशेजारी ‘पोटखराबा’, म्हणजे रानातला न पिकणारा भाग. आणि मला नववीतला लोखंडाचा कीस आठवला. पाटाखाली चुंबक, वर कागद, कागदावर कीस, आणि सर बोटानं टिचकी मारतायत. कीस ओळीनं उभा राहिला तेव्हा आमच्यातला एक जण म्हणाला होता, "सर, नांगराची तासं पडली!" (तास हाही तसलाच शब्द. घड्याळाचा, शाळेचा आणि नांगराचा.) सर म्हणाले होते, याला चुंबकीय क्षेत्र म्हणतात. मायकेल फॅरडेनं या रेषा मनात पाहिल्या आणि १८४५ मध्ये ‘फील्ड’ हा शब्द त्यासाठी वापरला. फॅरडे लोहाराचा मुलगा, पुस्तकं बांधण्याच्या दुकानात उमेदवारी केलेला, वरचं गणित न शिकलेला. हे ऐकताना वर्गातला लोहाराचा मुलगा जरा ताठ बसला होता, हेही मला आठवतं.

सातबारा हातात धरून मी वडिलांना विचारलं, रानात कुठल्या सरीला किती पाणी लागतं ते कसं कळतं? ते म्हणाले, प्रत्येक जागेचा गुण वेगळा. इथं काळी, पलीकडं मुरमाड, ओढ्याच्या अंगाला खारवट. पीक असो नसो, जागेचा गुण जागेवर असतोच. तेच तर फील्ड होतं! विद्युत प्रभाराभोवतीच्या प्रत्येक जागेला एक जोर असतो आणि एक दिशा असते. तिथं दुसरा प्रभार येऊन उभा राहो न राहो. फरक इतकाच की या रानाला बांध नाही. अंतर दुप्पट झालं की जोर चौथाई होतो, पण संपत कुठंच नाही. सुट्टी संपवून परत गेलो तो त्या प्रकरणात कधी अडलो नाही.

बीएस्सीला गणित घेतलं तेव्हा ‘फील्ड’ तिसऱ्यांदा भेटलं. इथं ना माती, ना चुंबक. ज्या संख्यांमध्ये बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि शून्य सोडून भागाकार बिनबोभाट चालतो, त्यांचा समूह म्हणजे फील्ड. ही कल्पना मांडताना जर्मन गणिती डेडेकिंट यानं १८७१ मध्ये शब्द वापरला होता ‘क्योर्पर’, म्हणजे शरीर. इंग्रजीत त्याचं शेत झालं. हे वाचलं आणि मी वही मिटली. भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात शरीरालाच क्षेत्र म्हटलं आहे, आणि ते मी पालखीच्या मुक्कामी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून कीर्तनात ऐकलेलं होतं. डेडेकिंटनं गीतेवरून नाव ठेवलं असं अजिबात नाही, योगायोगच तो. पण शरीर आणि शेत हे दोन शब्द जर्मन आणि अमेरिकन गणितज्ञांनी एकाच जागी आणून बसवावेत, आणि आमच्या शाळेपुढून जाणाऱ्या दिंडीतल्या माणसाला त्यात नवल वाटू नये, याचा आनंद मला आजही होतो. त्या एसटीच्या पाटीवरही ‘श्रीक्षेत्र पंढरपूर’ असंच असायचं.

पुढं मी गणितात राहिलो नाही. न्यायालयात अनुवादक झालो. तिथं तर प्रत्येक शब्दाला दोन घरं. वाद म्हणजे दावा, पक्ष म्हणजे पंधरवडा नव्हे. एक प्रसंग सांगतो, ओळख पटेल असं काही न सांगता. अत्याचाराच्या एका खटल्यात एक ताई साक्ष द्यायला आल्या होत्या. सुनावणी ‘इन कॅमेरा’ आहे हे ऐकून त्या व्हरांड्यातच खाली बसल्या. साक्ष देत नाही म्हणाल्या. माझं बोलणं रेकॉर्ड होणार, मोबाइलवर फिरणार, गाव बघणार. त्यांची समजूत चुकीची कशी म्हणावी? वर्तमानपत्रांत ‘इन कॅमेरा शवविच्छेदन’ छापून येतं, आणि तिथं त्याचा अर्थ खरोखरच चित्रीकरण करून असाच असतो. तोच शब्द, त्याच फौजदारी कामकाजात, एकदा कॅमेरा लावून आणि एकदा सगळ्यांना बाहेर काढून!

मी त्यांच्याशेजारी बसलो. म्हणालो, "ताई, कॅमेरा म्हणजे खोली. दार लावतात. बघायला आलेले सगळे बाहेर. आत न्यायाधीश, वकील आणि कामापुरती माणसं. हे तुमचं झाकण्यासाठी आहे, दाखवण्यासाठी नाही." बलात्काराच्या खटल्यांची सुनावणी अशी बंद खोलीत घ्यायची हे १९८३ च्या दुरुस्तीनं कायद्यात आलं. तोपर्यंत बायकांना बऱ्याचदा भरल्या कोर्टात सगळं सांगावं लागायचं. ताईंनी दोनदा विचारलं, "खोलीच ना?" मी म्हणालो, खोलीच. त्या आत गेल्या. तेव्हापासून माझ्यापुढं येणाऱ्या कागदावर मी ‘इन कॅमेरा’ ठेवत नाही. ‘बंद दाराआड’ लिहितो.

सरांना ही हकिगत पत्रानं कळवली होती. त्यात एक भरही घातली. इंग्रजीतला उजेडाचा लाइट आणि वजनाला हलका तो लाइट हे दोन निराळे शब्द, बोलता बोलता एकाच उच्चाराचे झालेले. उजेडाचा लाइट आपल्या ‘रुची’च्या कुळातला. संस्कृतात रुची म्हणजे आधी तेज, चकाकी, आणि मग आवड. हलका तो लाइट ‘लघु’च्या कुळातला, आणि आपला ‘हलका’ही प्राकृतातून लघुपासूनच आलेला. म्हणजे हलका आणि लाइट फार लांबचे का होईना, भाऊबंद. सरांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं. चारच शब्द होते. "गाव सापडलं. शाब्बास. लिही." ते कार्ड माझ्या शब्दकोशात आहे, ‘ल’च्या पानात.

सर आता नाहीत. सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी त्यांच्या फोटोला हार घातला जाईल, तो घालावाच. पण माझी एक विनंती आहे. सडकेकडचा तो वर्ग अजून उभा आहे, फक्त खिडकीला काचा आल्या आहेत. त्या दिवशी भाषणं जेवणाआधी संपवावीत. खिडकी पूर्वेला आहे, त्यामुळं तीननंतर ऊन समोरून लिंबावर पडतं. काचांना लावायला जाड पुठ्ठा लागेल, भोक ज्वारीच्या दाण्याएवढंच. भिंतीवरचे तक्ते काढून घ्यावेत आणि शक्य झाल्यास चुन्याचा एक हात द्यावा. सध्याच्या पाचवीच्या मुलांना पुढं बसवावं आणि पाच मिनिटं काही दिसलं नाही तरी दार उघडू देऊ नये. गोणपाटं मी घरून आणतो.