आमची वाटचाल : गच्चीवरच्या अँटेनापासून घरातल्या टीव्हीपर्यंत

आम्ही अँटेना आणि डिश बसवायच्या कामात उतरलो तेव्हा टीव्ही अ‍ॅनालॉग होता. सिग्नल कमी पडला की पडद्यावर मुंग्या यायच्या, पण कार्यक्रम दिसत राहायचा आणि लोक भागवून घ्यायचे. डिजिटल आणि एचडी आलं, तसं हे भागवून घेणं संपलं. सिग्नल ठरावीक पातळीच्या वर असेल तर चित्र एकदम स्वच्छ; जरा खाली घसरला की चौकोन पडतात, आवाज तुटतो, पडदा काळा होतो.

त्याच सुमारास आम्ही सिग्नल मीटर घेतला आणि आमच्या कामाची दिशा बदलली. चित्र अडकलं की बहुतेक जण आधी अँटेना फिरवून बघतात. मीटर मात्र सारखा केबलकडे बोट दाखवू लागला. चांगल्या आरजी-6 केबलमध्येसुद्धा (अँटेना-डिशची नेहमीची जाड केबल) 1 गिगाहर्ट्झ वारंवारतेला 100 मीटरमागे साधारण 20 डेसिबल घट होते, म्हणजे पलीकडे पोचते ती जेमतेम शंभराव्या भागाइतकी शक्ती. बारीक आरजी-59 मध्ये घट आणखी जास्त. म्हणून डिशच्या कामात आम्ही आरजी-59 वापरणं बंदच केलं. डिशसमोर बसवलेला एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा भाग, उपग्रहाचा सिग्नल 950 ते 2150 मेगाहर्ट्झपर्यंत खाली आणतो, आणि त्याला लागणारे 13 किंवा 18 व्होल्ट त्याच केबलमधून वर जातात. जोड गंजला आणि व्होल्टेज पडलं, तर काही चॅनेल दिसतात, काही गायब होतात. घरातल्यांना वाटतं सेट-टॉप बॉक्स बिघडला.

नवीन मुलगा कामाला आला की आधी केबलचं टोक सोलायला शिकतो. वरचं आवरण कापायचं, जाळी मागे दुमडायची, आतलं पांढरं फोम कनेक्टरच्या तळाशी बरोबर टेकवायचं. जाळीची एक तार जरी मधल्या तांब्याला लागली तरी सिग्नल तिथेच शॉर्ट. बाहेरच्या जोडावर आम्ही दाबून बसवायचे कनेक्टरच लावतो आणि केबलला खाली झोळ देतो, म्हणजे पावसाचं पाणी जोडात न शिरता झोळावरून गळून जातं.

आता एका अँटेनावर बरेच टीव्ही चालवायची कामं जास्त येतात. सिग्नल वाटून देणाऱ्या दोन वाटांच्या स्प्लिटरवर प्रत्येक वाटेला साधारण साडेतीन डेसिबल कमी मिळतात, मोकळ्या वाटेला 75 ओहमचं टोपण लावावं लागतं. आणि अ‍ॅम्प्लिफायर टीव्हीच्या मागे लावायचा आग्रह ग्राहकाने धरला, तरी आम्ही तो वर, अँटेनाजवळच बसवतो. केबलमध्ये क्षीण झालेला सिग्नल खाली वाढवला की त्याच्यासोबत त्यात मिसळलेला नको असलेला विद्युत गोंगाटही तेवढाच वाढतो.