इग्वानाचं घर: उंची आधी, लांबी नंतर

हिरवा इग्वाना झाडावर राहणारा प्राणी. शेपटीसकट दीड मीटर किंवा त्याहून लांब होतो, म्हणून पेटी किमान 6 फूट लांब, 3 फूट खोल आणि 6 फूट उंच हवी. जागा असेल तर उंची आणखी वाढवा.

सांगाड्याला 18 मिमी मरीन प्लाय घ्या. साधा प्लाय दमटपणाने थर सोडतो. आतून वॉटरप्रूफ कोटिंगचे दोन-तीन हात द्या, सांध्यांत सिलिकॉन भरा आणि वास पूर्ण जाईपर्यंत प्राणी आत सोडू नका. पुढे सरकत्या काचा लावा. जाळीवर तो नाक घासत राहतो, जखम होते, मग तोंड सडायला लागतं.

सगळ्यात जास्त चुका दिव्यांत होतात. यूव्हीबी ट्यूब (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा दिवा) पेटीच्या आत, वरच लावायची. काचेतून यूव्हीबी जवळपास येतच नाही. ती नसेल तर कॅल्शियम अंगी लागत नाही, जबडा मऊ पडतो, हाडं वाकतात. ट्यूब दिसायला पेटत राहते, पण वर्षभरात तिचा जोर ओसरतो, तेव्हा बदलाच. उष्णतेचा बल्ब सिरॅमिक होल्डरमध्ये, भोवती जाळीचा पिंजरा. इग्वाना चढून बल्बला बिलगतो आणि पोट भाजून घेतो. तापणारे दगड तर नकोतच.

बल्बखालच्या फळीवर 35 ते 38 अंश, थंड टोकाला 26-27. तापमान ठरावीक ठेवणारा थर्मोस्टॅट लावाच. फांदी त्याच्या अंगाइतकी जाड घ्या आणि स्क्रूने आरपार कसा.