ब्राइसच्या थंडीसाठी प्रोपेनची तयारी

ऑक्टोबरात ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ब्राइस कॅन्यनला जायचं, तर सगळ्यात आधी गॅसचा हिशेब. कड्यावरची जागा जवळपास २४०० मीटर उंचीवर. दिवसा छान ऊन असतं, पण रात्री पारा शून्याखाली उतरतो. ट्रेलरमधला फ्रिज, गिझर, शेगडी, हीटर सगळं प्रोपेनवर चालतं, आणि त्यात गॅस खातो तो हीटर. ३०,००० बीटीयूचा (बीटीयू म्हणजे उष्णतेचं एकक) हीटर सलग चालला तर तीन तासांत गॅलनभर गॅस संपतो. चहा-पोह्यांना लागतो तो किस झाड की पत्ती!

म्हणून फिनिक्सहून निघण्याआधीच २० पौंडी टाक्या काढून ३० पौंडी दोन बसवल्या. एकीत साडेतेरा किलो गॅस, म्हणजे आपल्या घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरच्या जवळपास. ४० पौंडी घ्यायचा विचार होता, पण भरल्यावर ती सत्तर पौंडांच्या घरात जाते आणि तो भार ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर, म्हणजे गाडीच्या हूकवर येतो. ॲल्युमिनियमची हलकी असते, गंजत नाही, पण किंमत बघून पोलादीच घेतल्या.

इथे किराणा दुकानाबाहेर रिकामी टाकी देऊन भरलेली घेता येते. मला ते पटत नाही. त्या २० पौंडी टाकीत बहुतेक वेळा १५ पौंडच गॅस असतो, आणि आपल्या टाकीत उरलेला गॅस फुकट जातो तो वेगळाच. त्यामुळे वाटेत पेज गावात थांबून टाक्या भरून घेतल्या.

भरणाऱ्या काकांनी आधी टाकीच्या कॉलरवर, म्हणजे नॉबभोवतीच्या धातूच्या कड्यावर, बोट फिरवून ठोकलेले आकडे वाचले. ‘टीडब्ल्यू’ म्हणजे रिकाम्या टाकीचं वजन. घरच्या वजनकाट्यावर टाकी ठेवून त्यातून ते वजा केलं की किती गॅस उरलाय ते अचूक कळतं. शेजारी बनवल्याची तारीख असते. बारा वर्षांनंतर टाकी तपासून घेतल्याशिवाय भरून मिळत नाही. मग हातमोजे घालून त्यांनी नळी जोडली आणि व्हॉल्व्हच्या बाजूचा बारीक स्क्रू सैल केला. ८० टक्के भरताच तिथून पांढरा फवारा फुस्सकन बाहेर आला, की लगेच बंद. उरलेली जागा मुद्दाम रिकामी ठेवतात, कारण उन्हात द्रवरूप गॅस फुगतो. ॲरिझोनाच्या उन्हात तर ती जागा हवीच.

सांगलीहून आलेली आई हे सगळं बारकाईने बघत होती. जोडणी झाल्यावर तिने साबणाचा फेस मागून घेतला आणि स्वतः प्रत्येक सांध्यावर लावला. “बुडबुडा नाही गं कुठे, आता उघड,” म्हणाली. नॉब अगदी सावकाश उघडला. झटक्यात उघडला तर आतला सुरक्षा-व्हॉल्व्ह गॅस अडवतो आणि हीटर पेटतच नाही.

“एवढ्या गारठ्यात गॅस गोठणार नाही ना?” तिची शंका रास्त होती. आपल्याकडच्या सिलिंडरमध्ये ब्युटेनही असतो, आणि शून्याच्या आसपास त्याची वाफ होणं थांबतं. प्रोपेनची मात्र उणे ४२ अंशांपर्यंत होते.

एरवी मी दुसरी टाकी बंदच ठेवते, म्हणजे पहिली संपल्याचं लगेच कळतं. ब्राइसला दोन्ही उघड्या ठेवल्या. पहिली संपली की रेग्युलेटर आपोआप दुसरीवर जातो, म्हणजे रात्री दोन वाजता कुणाला बाहेर जावं लागत नाही. फक्त रोज सकाळी त्याची खूण बघायची. तिसऱ्या सकाळी ती लाल दिसली, म्हणजे पहिली टाकी संपली होती, आणि परतताना कॅनॅबला तेवढी एकच टाकी भरून घेतली.