वाट्याने दिलेली जमीन मी परत का घेतली?

शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर बार्शी तालुक्यातील वडिलांची पाच एकर जमीन मी वाटेकऱ्याकडून परत घेतली आणि स्वतः कसायला लागले. तेव्हापासून एकच प्रश्न मला निरनिराळ्या तोंडांनी विचारला जातो. शाळेतले जुने सहकारी म्हणतात, "वाटेकरी चांगला होता ना, मग काढलात कशाला?" ज्यांची स्वतःची जमीन गावी वाट्याने आहे, ते आवाज खाली आणून विचारतात, "बाई, त्याने सोडली कशी? कूळ नाही लागले?" म्हणजे कसणाऱ्याने कायद्याने जमिनीवर हक्क सांगितला नाही का, असे. नातेवाईक तर सरळ परवडते का, एवढेच विचारतात. तुम्हीही तेच विचारलेत म्हणून तिन्हींचे उत्तर एकदाच नीट लिहून ठेवते.

आमच्याकडे वाट्याचा व्यवहार पाडव्यापासून पाडव्यापर्यंत असतो. कागद होत नाही. बियाणे, खत, फवारणी आणि मळणी यांचा खर्च निम्मा-निम्मा. नांगरट, पेरणी, खुरपणी, काढणी आणि राखण वाटेकऱ्याची. आणि रास झाली की मालाचे दोन सारखे वाटे. आमच्या जमिनीपैकी तीन एकर काळी आहे आणि दोन एकर बरड, म्हणजे हलकी मुरमाड. 2009 च्या पाडव्याला ती अण्णांकडे, म्हणजे ज्यांच्याकडून मी परत घेतली त्या वाटेकऱ्याकडे, आली आणि पुढची चौदा वर्षे त्यांच्याकडेच राहिली. अण्णा माझ्याहून चार वर्षांनी मोठे आहेत, त्यांची स्वतःची दीड एकर जमीन आमच्या बांधाला लागून आहे, आणि मी शिक्षिका म्हणून ते मला आदराने "बाई" म्हणतात. त्यांच्याविषयी माझी तक्रार नव्हती आणि नाही. चौदा वर्षे हा शब्द मात्र फसवा आहे, कारण ती सलग चौदा वर्षे नव्हती. एकेक वर्षाची बोली चौदा वेळा झाली होती. पुढच्या पाडव्याला जमीन आपल्याकडे असेल की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो शेणखत आधी स्वतःच्या दीड एकरात टाकणार. मीही तेच केले असते.

ही एका वर्षाची बोली वडिलांनी जाणूनबुजून ठेवली होती. 1 एप्रिल 1957 या कृषक दिनी कुळे कायद्याने जमिनीची मालक मानली गेली, तेव्हा वडिलांच्या चुलत्यांची सात एकर जमीन कुळाकडे गेली. शेतजमीन न्यायाधिकरणाने किंमत ठरवायची ती आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी साऱ्याच्या, वीस ते दोनशे पटींच्या दरम्यान, आणि कुळाने ती हप्त्यांनी फेडायची, अशी ती पद्धत होती. ज्याने पिढ्यान् पिढ्या जमीन कसली त्याला ती मिळाली, हे योग्यच झाले असे माझे मत आहे, आणि घरात ते मी कधी मोठ्याने बोलले नाही. वडील टपाल खात्यात होते, बदल्यांमुळे गावाबाहेर राहिले, आणि त्या एका आठवणीने त्यांनी आयुष्यभर दर दोन-तीन वर्षांनी वाटेकरी बदलला. सातबारावर पिकांच्या नोंदीत मात्र नेहमी "खुद्द", म्हणजे मालक स्वतः कसतो, असेच लागत राहिले. अण्णांच्या वेळी वडील थकले होते म्हणून माणूस बदलला नाही; भीती होती तेवढीच राहिली.

त्या भीतीची किंमत मला 2018 च्या उन्हाळ्यात दिसली. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेत गावच्या पाझर तलावातला गाळ काढला जात होता; गाळ फुकट होता, वाहतूक तेवढी शेतकऱ्याने करायची होती. अण्णा सोलापूरला आमच्या घरी आले आणि म्हणाले, "दोन एकर बरडावर गाळ टाकू, ट्रॅक्टरचं निम्मं भाडं मी देतो." वडिलांनी चहा पाजला आणि नको म्हणून सांगितले. अण्णा गेल्यावर मला म्हणाले, "आज गाळ टाकेल, उद्या म्हणेल जमीन मी सुधारली." आपलीच जमीन सुधारली जाऊ नये म्हणून काळजी घेणारा मालक मी त्या दिवशी पाहिला, आणि तो माझाच बाप होता. त्या वर्षी तलावातला गाळ शेजाऱ्यांच्या बरडावर गेला. आमचे बरड आहे तसेच आहे.

2019 मध्ये वडील गेले आणि जमीन माझ्या नावावर झाली. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अतिवृष्टीने सोयाबीन शेतातच कुजले. सरकारने जिरायत जमिनीला हेक्टरी 10 हजार रुपये मदत जाहीर केली; आमची पाच एकर म्हणजे दोन हेक्टर. पैसे आले ते माझ्या खात्यात, कारण सातबारा माझा. चिखलात उभे राहून शेंगा वेचल्या त्या अण्णांच्या घरच्यांनी. मी त्यांना निम्मे दिले आणि त्यांनी ते नमस्कार करून घेतले, जणू मी काही उपकार करत होते. मजुरी सगळी त्यांची गेली होती, तेव्हा निम्मे हा हिशेब तरी बरोबर होता का, हा प्रश्न मला आजही टोचतो. पीक विम्याचेही तसेच आहे: दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला विमा हवा असेल तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो, आणि कुळाच्या भीतीने मालक असा करार करून देत नाही.

म्हणजे मला दोन वाटा होत्या. अण्णांना दहा वर्षांचा नोंदणीकृत करार करून द्यायचा, किंवा जमीन स्वतः कसायची. पहिली वाट अधिक न्यायाची होती. ती मी घेतली नाही, कारण वडिलांची भीती माझ्यातही उतरलेली होती, आणि दुसरे असे की, निवृत्तीनंतर मला खरोखर शेती करायची होती. पहिले कारण मी लोकांना सहसा सांगत नाही.

आता कुळाविषयी. मी बार्शीतल्या एका वकिलांकडे गेले, तेव्हा त्यांनी 1948 च्या कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाचे चौथे कलम वाचून दाखवले. दुसऱ्याची जमीन जो कायदेशीरपणे कसतो तो कूळ मानला जातो. त्यातून मालकाच्या कुटुंबातला माणूस वगळला आहे, आणि रोख किंवा धान्याच्या रूपात मजुरी घेणारा गडी वगळला आहे, पण पिकाचा वाटा घेणारा वगळलेला नाही. म्हणून अनेक मालक मुद्रांकावर वाटेकऱ्याला "सालगडी", म्हणजे वर्षाच्या मजुरीवरचा गडी, असे लिहून घेतात. तो कागद खोटा असतो हे लिहिणाऱ्याला, सही करणाऱ्याला आणि साक्षीदाराला, तिघांनाही ठाऊक असते. कूळ आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. अण्णांनी तसा अर्ज केला असता, तर चौदा वर्षे तेच जमीन कसत होते हे सांगायला सारा गाव होता, आणि माझ्याजवळ सातबारावरचे "खुद्द" तेवढे होते. तेव्हा जमीन सुटली कशी याचे खरे उत्तर एवढेच आहे की, अण्णांनी तो अर्ज केला नाही. माझ्याकडून कोणी युक्ती शिकायला येत असेल तर माझ्याजवळ ती नाही. आणि जबरदस्तीने ताबा घेण्याचा विचार असेल तर माझ्याकडे येऊच नये. शिवाय आमच्या मावशीचे गाव दोन तासांच्याही अंतरावर नाही, पण ते धाराशिव जिल्ह्यात आहे, आणि जुन्या निजामी मुलखाला 1950 चा हैदराबादचा कुळकायदा लागू होतो, विदर्भाला 1958 चा. माझा अनुभव बार्शीच्या हद्दीपुरताच धरावा.

माझ्या हातून एक गोष्ट बरी झाली, ती म्हणजे वेळ दिला. पाडव्याच्या आठ दिवस आधी सांगण्याची आमच्याकडे रीत आहे आणि ती क्रूर आहे, कारण तोवर गावातल्या इतर जमिनींच्या बोली झालेल्या असतात. मी 2022 च्या दसऱ्याला अण्णांच्या घरी गेले आणि येत्या पाडव्यापासून जमीन स्वतः करणार असल्याचे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. वहिनी मात्र चुलीपाशी बसल्या होत्या तिथूनच म्हणाल्या, "मग म्हशींच्या वैरणीचं काय?" मी त्यावर विचारच केलेला नव्हता. धान्याचा वाटा, बैलांचे काम, मजुरी हे सगळे मी मोजले होते. कडबा आणि बांधावरचे गवत, ज्यावर त्यांच्या दोन म्हशी आणि म्हशींवर त्यांचे महिन्याचे घर चालत होते, ते माझ्या हिशेबाच्या वहीत कुठेच नव्हते. शेवटी असे ठरले की, त्या रब्बीची ज्वारी आणि हरभरा सगळा त्यांचा, मी वाटा घ्यायचा नाही, आणि बांधावरचे गवत पुढेही तेच कापतील. 22 मार्च 2023 च्या पाडव्याला त्यांनी शेत मोकळे करून दिले. त्यांनी गावातच दुसरी तीन एकर खंडाने, म्हणजे ठरलेल्या भाड्याने, घेतली, आणि तिचा रोख खंड त्यांना आधीच मोजावा लागला.

जमीन हातात आली, पण तिच्याविषयीची माहिती अण्णांकडेच राहिली. पहिल्याच वर्षी जूनअखेर एक बरा पाऊस झाला आणि मी सोयाबीन पेरून मोकळी झाले. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये हे मी वाचले होते, पण शेजारचे पेरू लागले की वाचलेले आठवत नाही. अण्णा त्यांच्या बांधावर उभे होते. त्यांनी पायाच्या अंगठ्याने माती उकरून पाहिली आणि काही न बोलता घरी गेले. त्यांनी दहा दिवसांनी पेरले. माझी उगवण विरळ झाली, आणि पुढे ऑगस्ट असा कोरडा गेला की देशभरात 1901 पासून तसा ऑगस्ट नोंदलेला नव्हता. ऑक्टोबरअखेर सरकारने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात बार्शी होता. तीन एकरांत मला साडेपाच क्विंटल सोयाबीन झाले. अण्णांचेही गेले, पण ते खंड भरून बसले होते. मी जमीन घेतली नसती तर तो तोटा त्यांनी आणि मी निम्मा-निम्मा सोसला असता.

परवडते का, याचे उत्तर 2024 च्या हंगामावरून देते, कारण त्या वर्षी पाऊस चांगला होता. काळ्या तीन एकरांत 21 क्विंटल सोयाबीन झाले. हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. माझा माल बाजारात 4,150 ने गेला. म्हणजे 87,150 रुपये आले. नांगरटीपासून मळणीपर्यंत एकरी 18 हजार खर्च झाला, म्हणजे 54 हजार, आणि हातात 33,150 राहिले. तोच माल वाट्याने पिकला असता तर माझा वाटा 43,575 झाला असता, त्यातून बियाणे, खत, फवारणी आणि मळणीतला माझा निम्मा खर्च, साधारण साडेतेरा हजार, वजा करून घरबसल्या 30,075 मिळाले असते. वर्षभर सोलापूर-बार्शी एसटीच्या खेपा, मजुरांच्या मिनतवाऱ्या आणि कंबरदुखी यांची मला मिळालेली किंमत 3,075 रुपये आहे. त्यात एसटीचे भाडे मी धरलेले नाही, बायकांना तिकीट निम्मे असले तरी.

2025 च्या सप्टेंबरात पुन्हा अतिवृष्टी झाली. काळ्या रानाच्या खालच्या कोपऱ्यात गुडघाभर पाणी साचले आणि तिथले अर्धा एकर पीक सडले. मग कळले की, अण्णा दर जूनमध्ये त्या कोपऱ्यातून ओढ्याकडे पाण्याची चारी काढत असत. मला ती दिसली होती, पण मी ती जनावरांची वाट समजून पहिल्याच नांगरटीत बुजवून टाकली होती. विचारल्यावर अण्णा म्हणाले, "तुम्ही विचारलं नाही, बाई." त्यात टोमणा नव्हता.

मग हे सगळे कशासाठी, असे तुम्ही म्हणाल. मला जमिनीत खत टाकायचे होते आणि ते टाकताना कोणाच्या हक्काची भीती बाळगायची नव्हती. तीन वर्षांत काळ्या रानात मी बत्तीस ट्रॉल्या शेणखत टाकले, त्यातले निम्मे अण्णांच्याच गोठ्यातले, रोख पैसे देऊन घेतलेले. 2023 च्या माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब, ज्यावरून मातीचा कस कळतो, 0.36 टक्के होता. गेल्या महिन्यात पुन्हा नमुना दिला, तेव्हा 0.39 आला. एवढा फरक नमुना कुठून घेतला यावरूनही पडतो, असे प्रयोगशाळेतल्या मुलाने सांगितले, आणि पुढच्या वेळी नमुना त्याच जागेचा आणावा म्हणून मला शेताचा नकाशा काढून त्यावर खुणा करायला लावल्या.