बोल्ट, नट, वॉशर आणि मार्चअखेर

जपानमध्येही बऱ्याच कंपन्यांचं वर्ष ३१ मार्चला संपतं. त्याआधी गोदामात 'तानाओरोशी', म्हणजे मालाची मोजदाद. नागोयाजवळच्या या कारखान्यात मी खरं तर दुभाषी. पण त्या दिवशी माणसं कमी होती, म्हणून मलाही यादी हातात देऊन कप्प्यांसमोर उभं केलं. जोडीला सांगलीहून नुकताच आलेला मुलगा. त्याचं इची, नी, सान शंभरापर्यंत पक्कं होतं. त्यात तसं अवघड काही नाही म्हणा. चार, दहा, नऊ एवढे शब्द ओळीनं म्हटले की झाले एकोणपन्नास! एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत लहानपण गेलेल्याला हे फारच सोपं.

पहिल्याच कप्प्यात बोल्ट, नट आणि वॉशर निघाले आणि पोरगा अडकला. बोल्ट लांबट, म्हणून आकड्याला 'होन' जोडायचं. नटाला 'को'. वॉशर चपटा, त्याला 'माइ'. 'माइ' बिचारं कुणाच्या अध्यात ना मध्यात, कुठल्याही आकड्यापुढे तसंच राहतं. 'होन' मात्र घडीघडी रंग बदलतं: इप्पोन, निहोन, साम्बोन, योनहोन, गोहोन, रोप्पोन.

"ताई, एका जागी कसायचे तिघे, आणि मोजायचं तीन तऱ्हांनी?"

मी नियम सांगायला लागले, तेवढ्यात पॅकिंगच्या साठी ओलांडलेल्या बाई पुढे आल्या. त्यांनी मूठभर बोल्ट ट्रेमध्ये ओतले आणि दोन बोटांनी जोडी-जोडी सरकवत ठेक्यात सुरुवात केली: "नी, शी, रो, या, तो." दोन, चार, सहा, आठ, दहा. दर दहाला कागदावर एक रेघ. पाच रेघा झाल्या की '正' हे अक्षर पुरं होतं, म्हणजे पन्नास. एरवी आकडा ओरडून सांगताना आमच्याकडे चारला 'योन' आणि सातला 'नाना'च म्हणायचं असतं, कारण यंत्रांच्या आवाजात 'शिची' आणि 'इची' सारखेच ऐकू येतात. पण स्वतःशी मोजताना बाईंचा 'शी' काही सुटत नाही.

दुपारपर्यंत मुलगाही त्याच ठेक्यात बोल्ट सरकवत होता. 'रोप्पोन' तर न अडखळता यायला लागलं. माझ्या नियमांनी हे इतक्या लवकर झालं नसतं.

बारीक स्क्रू काट्यावर वजन करून मोजतात. सगळ्या पेट्यांची बेरीज आली १२५,०००. लिहिताना स्वल्पविराम हजाराला, पण बोलताना जपानी माणूस दहा हजारांचे गठ्ठे करतो. बाई म्हणाल्या, "जूनीमान गोसेन." बारा 'मान' आणि पाच हजार. मी मनात स्वल्पविराम सरकवत होते, तोवर पोरगा "सव्वा लाख" म्हणून मोकळा.